सावळीरामांचं हिरवं लेबल

पगारेकाकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करत. पेन असो, कुलूप असो, नाहीतर कुणाच्या लग्नात आहेर म्हणून मिळालेला स्टीलचा डबा असो. बूड बघायचं, कडेवरून नख फिरवायचं, कानाजवळ नेऊन हलवायचं आणि मग तोंड उघडायचं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी रिकामी बशी उलटी करून पाहिली होती, असं त्यांच्या पत्नी लताकाकू सांगायच्या. काकूंच्या वडिलांना वाटलं, पोराला अजून चहा हवाय. त्यांनी आणखी एक कप पुढे केला आणि काका तोही निमूटपणे प्यायले.

सावळीराम सहादू पगारे. नाव पूर्ण सांगतो, कारण ते स्वतः कधी अर्धं लिहीत नसत. एवढ्याशा चिठ्ठीवर सही करायची झाली तरी तिन्ही शब्द, वर सरळ रेघ मारून. सातपूरच्या एका विजेचे स्विच बनवणाऱ्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं तपासनीस होते. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ते ठरवत. त्यांच्याकडे दोन प्रकारची लेबलं असायची. हिरव्यावर ‘पास’ आणि लाल रंगाच्या लेबलावर ‘नापास’. खाली चार रकाने: माल, नग, तारीख, तपासनीस. सत्तावीस वर्षांत त्यांनी हिरवं लावलेला माल एकदाही परत आला नाही. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितली तर थांबवतही नसत.

त्यांची एक खोड होती. खोक्यातला नमुना ते कायम तळातून उचलायचे. “वरचा थर पुरवठादार आपल्यासाठी लावतो,” ते म्हणत. “खरा माल खाली असतो.” बाजारात टोमॅटो घेतानाही तेच. जेल रोडच्या भाजीवाल्या त्यांना लांबून येताना बघून टोपली झाकत, असं काकू म्हणायच्या. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मला ते पटतं.

दोन हजार एक साली कारखान्याने माणसं कमी केली. निरोपाची भेट म्हणून इतरांनी घड्याळं आणि मिक्सर घेतले. काकांनी न वापरलेल्या लेबलांची दोन खोकी मागितली. ती खोकी घेऊनच ते पुढच्या वर्षी दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या द्राक्ष निर्यात संस्थेत भांडारपाल म्हणून आले. मी तिथे संगणक विभागात होतो. विभागात मी एकटाच, त्यामुळे विभागप्रमुखही मीच. नाव नवनाथ, वय चोवीस, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री.

काकांबद्दल अजून एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या आईचं नाव भागीबाई. वडील रेल्वेत गँगमन होते, ते गेल्यावर आईला पेन्शन मिळायची आणि दर महिन्याला बँकेत जाऊन अंगठा लावावा लागायचा. त्र्याण्णव साली काकांनी ठरवलं की आईने सही करायची. साठ वर्षांची बाई, तिला पाटी आणून दिली. तीन महिने संध्याकाळी स्वयंपाक झाला की मायलेक पाटी घेऊन बसायचे. चौथ्या महिन्यात दोघं बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. म्हातारीने तो परत त्याच्याकडे सरकवला आणि पेन मागितलं. सहीला चार मिनिटं लागली. मागे रांग चुळबुळत होती आणि काका घड्याळात बघत उभे होते. हे सांगताना काका दर वेळी त्याच ठिकाणी खिशातला चष्मा काढून विनाकारण पुसत.

आता लॅपटॉपची गोष्ट.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये संस्थेने अठरा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. आमचे अठरा फील्डवाले होते. बागेबागेत जाऊन कुठल्या प्लॉटवर कधी, कोणतं, किती औषध फवारलं याची नोंद करायची, हे त्यांचं काम. परदेशातली गिऱ्हाइकं ही नोंद बघूनच द्राक्षं घेत. तोवर ती वहीत व्हायची आणि आठवड्याने माझ्या संगणकात चढायची. आदल्या हंगामात एका महाभागाने घरबसल्या सात प्लॉटच्या नोंदी स्वतःच्या मनाने आणि दुसऱ्याच्या नावाने भरल्या. ते उघडकीला आलं आणि आमचा कंटेनर तीन आठवडे परदेशच्या बंदरात अडकून पडला. संस्थेचे अध्यक्ष रावजी आण्णा, स्वतः दिंडोरीचे जुने बागायतदार, तेव्हापासून एकच वाक्य बोलत. “ज्याचं बोट, त्याचीच नोंद.” म्हणजे ज्याचं बोट ओळखून यंत्र उघडेल असाच लॅपटॉप हवा. ही कल्पना त्यांना कुणी दिली? मी. एका मासिकात वाचून.

विक्रेत्याने बघायला दोन लॅपटॉप ठेवले आणि सोबत एक छापील तक्ता दिला. धंद्यासाठीचं मॉडेल होतं, हवं तसं जुळवून मिळणारं. मेमरी कमी की जास्त, पडदा चकचकीत की मंद, बॅटरी लहान की मोठी, बोट ओळखणारी पट्टी हवी की नको. रकान्यात खूण करायची आणि तसा लॅपटॉप बनून यायचा. काकांना तो तक्ता फारच आवडला. “आयुष्यभर लोकांनी पाठवलं ते तपासलं,” ते म्हणाले. “पहिल्यांदा कुणी विचारतंय की तुम्हाला कसं हवं.”

आण्णांनी तपासणी आम्हा दोघांवर सोपवली आणि अंतिम सही काकांची ठेवली. मला ते झोंबलं. लॅपटॉपची तपासणी स्विचवाल्याने करायची! माझ्याकडे मासिकाबरोबर आलेली एक सीडी होती. ती लावली की लॅपटॉप पंचवीस मिनिटं स्वतःशीच झटापट करायचा आणि शेवटी एक आकडा दाखवायचा. मी ती ऐटीत लावली.

“सातशे बत्तीस,” मी जाहीर केलं.

“सातशे बत्तीस काय?” काकांनी विचारलं.

“गुण.”

“कितीपैकी?”

“कितीपैकी असं नसतं, काका.”

“मग किती पडले की नापास?”

मी पडदाभर शोधलं, पण सीडीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. काकांनी वहीत ‘७३२, कशाचे ते माहीत नाही’ असं लिहिलं आणि लॅपटॉप उलटा केला.

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या दोन यंत्रांचे जे हाल केले ते विक्रेत्याने पाहिले असते तर तो रडला असता. झाकण दोनशे वेळा उघडून बंद केलं, मोजत, आणि दर पन्नासला बिजागरीला कान लावला. एक यंत्र पिशवीत घालून जीपच्या मागच्या बाकावर टाकलं आणि ननाशीच्या रस्त्याने नेऊन आणलं. चालू करायचं बटण दाबल्यापासून पहिली नोंद टाकेपर्यंत किती वेळ लागतो ते मनगटी घड्याळावर मोजलं. कमी मेमरीला एक मिनिट पन्नास सेकंद, जास्तीला फक्त अठ्ठेचाळीस सेकंद. “हे तुझ्या सातशे बत्तीसपेक्षा कळतं,” म्हणाले. चकचकीत पडद्याचं यंत्र घेऊन ते बाहेर उन्हात बसले आणि मला हाक मारली. “यात मला नोंद दिसत नाही. माझी मिशी दिसते.” मंद पडदा पास.

मग ते बागेत जसं बसतात तसं, जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. वीस मिनिटांनी उठले आणि लिहिलं, ‘हवा बाजूने बाहेर टाकतो, बुडातून नाही. मांडी भाजत नाही.’ विक्रेता म्हणाला होता की कीबोर्डवर पाणी सांडलं तर खालच्या भोकातून निघून जातं. काकांनी ते करून बघायचं ठरवलं, तेही पाण्याने नाही.

“बागेत पाणी कोण सांडतं? चहा सांडतो,” ते म्हणाले आणि अर्धा कप गोड चहा ओतला. मी डोळे मिटून घेतले. चहा खालून टेबलावर आला, लॅपटॉप चालूच राहिला. दोन बटणं चिकट झाली ती त्यांनी ओल्या फडक्याने साफ करून दिली.

खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी माझी सीडी खणात ठेवून दिली आणि त्यांच्यामागे वही घेऊन फिरायला लागलो.

शेवटी राहिली बोटाची पट्टी. कीबोर्डच्या खाली एक बारीक पट्टी होती. त्यावरून बोट ओढायचं, ओळख पटली की हिरवा दिवा लागायचा. काकांना हा दिवा भलताच भावला. सत्तावीस वर्षं हिरव्यासाठी हातांनी लेबलं चिकटवली, आणि इथे यंत्र स्वतः हिरवं दाखवतंय! त्यांचं बोट लागलं. माझं लागलं. लेखा विभागातल्या तिघांचं, शिपायाचं, चहावाल्याचं, आणि आण्णांचंही लागलं. आण्णा तर चार वेळा ओढून गेले. “लय भारी हाय!” म्हणाले.

काकांनी तक्त्यात खुणा केल्या: जास्त मेमरी, मंद पडदा, बोटाची पट्टी. एवढं घेतल्यावर ठरलेल्या रकमेत मोठी बॅटरी बसत नव्हती, म्हणून लहान. तक्त्याच्या कोपऱ्यात हिरवं लेबल लावलं आणि पूर्ण सही केली. ऑर्डर शनिवारी जायची होती. गुरुवारी फक्त फील्डवाल्यांना बोलावून बोटं नोंदवून घ्यायची, म्हणजे माल आल्यावर वेळ जायला नको.

गुरुवारी सगळे अठरा आले. त्यातली एक होती आशा. आशा हिरामण भोये, पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरची. बारा वर्षांची असल्यापासून आई-वडिलांबरोबर हंगामाला दिंडोरीत यायची. छाटणी, विरळणी, द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम, सगळं केलेलं. ते करता करता बाहेरून परीक्षा देऊन बारावी झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नोंदीला लागली, पण बागेत गेली की अजूनही बायकांबरोबर कामाला हात लावायची. आधीचा तो घरबसल्या नोंदींचा घोटाळा तिनेच पकडला होता. ज्या दिवशी त्या प्लॉटवर फवारणी लिहिली होती, त्या दिवशी तिथे दिवसभर पाऊस होता हे तिला आठवत होतं. तिच्या वहीत कधी खाडाखोड नसायची. तिच्या पगारावर धाकटा भाऊ पेठला शिकत होता. बागेतून वहीपर्यंत आलेली तिच्या पाड्यावरची ती पहिलीच.

तिची पाळी आली. तिने बोट ओढलं. लाल दिवा.

“जरा सावकाश ओढ,” मी म्हणालो. लाल. दुसरं बोट. लाल. मी पट्टी पुसली, तिने ओढणीला बोटं पुसली. अंगठा, मधलं, करंगळी. दहाच्या दहा झाली. आधी सगळे गमतीने बघत होते, कुणीतरी म्हणालं, “आशा, तू माणूस हाय ना?” आणि हसू पिकलं. मग एकेक जण नजर वळवून दुसरीकडे बघायला लागला, आणि ते जास्त वाईट होतं.

आण्णा दारातच उभे होते. ते वाईट माणूस नव्हते, पण पोळलेले होते. “बोट नाय तर नोंद नाय, पोरी,” ते म्हणाले. “नियम एकाला एक, दुसऱ्याला एक, असं करता येत नाय मला. हंगामाला पॅकहाउसमधे पेट्या भरायला लावतो तुला. रोजगार बुडू देणार नाय.”

आशाने मान हलवली. मग माझ्याकडे नाही, आण्णांकडे नाही, काकांकडे बघून म्हणाली, “सर, शाळेत मास्तर म्हणायचे, शिकली नाय तर जन्मभर अंगठा लावावा लागंल. म्हणून शिकले. आता शिकले तरी अंगठाच मागतात. आन् तो पन लागत नाय.”

ती गेली. काका खुर्चीत बसून राहिले. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. “जयभीम. लॅपटॉप घे, जीप सांगितली आहे.” आम्ही दिंडोरीच्या पलीकडच्या एका मोठ्या बागेत गेलो. तिथे आशा होती आणि बागेत मजुरी करणाऱ्या तीस जणी होत्या. काकांच्या खिशात नेहमी एक भिंग असायचं, धातूवरचे चरे बघायचं. त्यांनी आधी परवानगी विचारली, “बाई, तुझा हात बघू का?” आणि आशाच्या बोटांवर भिंग धरलं. खूप वेळ बघत होते. मग ते माझ्याकडे दिलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोट असं बघितलं. रेषा जवळजवळ नव्हत्याच. कात्रीने, काडीने, तारेने, फवारणीतल्या मोरचूद आणि चुन्याने त्या घासून गेल्या होत्या. वर बारीक भेगांचं जाळं होतं. कागद जास्त वेळा खोडल्यावर जसा गुळगुळीत आणि पातळ होतो तशी ती कातडी दिसत होती. मासिकात यातलं काही छापलेलं नव्हतं.

मग काकांनी त्या तीस जणींना रांगेत बसवून एकेकीचं बोट ओढून घेतलं. कुणाला जबरदस्ती नाही, उगाच हसू नाही, प्रत्येकीला आधी समजावून. अकरा जणींचं लागलं नाही. एक मैना नावाची म्हातारी म्हणाली, “या पेटीला आमी दिसत नाय का?” काकांनी वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडे वळले.

“नवनाथ, मी नमुना कुठून उचलला?”

“म्हणजे?”

“बोटांचा नमुना. तू, मी, लेखावाले, आण्णा. सगळी कचेरीतली बोटं. मी वरच्या थरातली घेतली. सत्तावीस वर्षं लोकांना शिकवलं, तळातून उचला. आणि स्वतः वरूनच उचलून हिरवं लावलं.”

मी म्हणालो, “काका, एवढं काय त्यात? फक्त आशाला पासवर्डने उघडायची सोय करता येते. तिच्या एकटीच्या मशीनवर.” हे करता येत होतं आणि मला वाटलं, मी फार शहाणपणाचं बोललो.

काकांना मी रागावलेलं फार वेळा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. “सगळे पुढच्या दाराने आणि ती एकटी मागच्या? आणि उद्या नोंदीत चूक निघाली की आधी बोट कुणाकडे दाखवतील? माझी आई वेगळ्या पाणवठ्याचं पाणी प्यायलीय, नवनाथ. वेगळी सोय म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.” मग लगेच आवाज खाली आणून म्हणाले, “तुझा दोष नाही. सही माझी आहे.”

परतीच्या रस्त्यात ते वही उघडून त्या अकरा जणींच्या नोंदी पुन्हा तपासत होते.  मी शरमलो होतो, हे सरळच सांगतो.

शनिवारी अकरा वाजता आम्ही आण्णांच्या खोलीत गेलो. ऑर्डरचा कागद टेबलावर होता. वर काकांचं हिरवं लेबल. काकांनी उभ्यानेच ते नखाने सोलून काढलं. गोंद चांगला होता, कागदाचा थर निघून आला. त्या जागी त्यांनी लाल लेबल लावलं, आणि तपासनीसच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं.

“हे काय, पगारे?” आण्णा म्हणाले.

“तपासणीत चूक झाली, आण्णा. तपासनिसाची.”

त्यांनी वही उघडून अकरा जणींचा आकडा दाखवला. बोटाची पट्टी काढून टाकायची, सगळ्या अठरा यंत्रांवरची. प्रत्येकाचा स्वतःचा पासवर्ड. आणि रोजच्या नोंदीचा कागद छापून त्यावर भरणाऱ्याची आणि बागवाल्याची पूर्ण सही. आठवड्यातून तीन दिवस, न सांगता, कुठल्याही बागेत ते स्वतः जाऊन पडताळणी करणार. पट्टीच्या वाचलेल्या रकमेत बॅटरी मोठी घ्यायची.

आण्णांनी त्या लाल लेबलावर बोट ठेवलं. “आन् पासवर्ड चिठ्ठीवर लिवून शेजाऱ्याला दिला कुनी तर? मागल्या वर्सी तेच झालं का नाय?”

“तर मी घरी जातो. त्याच दिवशी.”

“लिवून देता?”

काकांनी लिहून दिलं. तिन्ही शब्द, वर रेघ.

आण्णांनी कागद घडी करून खणात टाकला. “सत्तावीस वर्सं माल परत आला नव्हता म्हनं तुमचा,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले.

“आज आला,” काका म्हणाले आणि बाहेर पडले.

लॅपटॉप सप्टेंबरात आले. चांगले निघाले, अगदी काकांनी मागितले होते तसे. मोठी बॅटरी साडेपाच तास चालायची, म्हणजे सकाळी बागेत गेलेला फील्डवाला दुपारी जेवणापर्यंत वीज शोधत फिरत नसे. उन्हात पडदा दिसायचा. एक यंत्र जीपमधून पडलं, उचललं, चालू झालं. चहा तर किती जणांनी सांडला याची मोजदाद मी ठेवली नाही. पण काकांनी एकाही यंत्रावर हिरवं लेबल लावलं नाही. विचारलं की म्हणायचे, “हंगाम जाऊ दे.”

हंगामभर त्यांनी तंगडतोड केली. वय पंचावन्न, गुडघे दुखायचे, तरी आठवड्यातून तीनदा जीप नाहीतर एसटीने जाऊन कुठल्यातरी बांधावर उभे. यंत्रातली नोंद, फवारणीचा ड्रम, बागवाल्याची सही, सगळं ताडून बघायचे. लताकाकू चिडायच्या. “दुसऱ्याच्या बोटापायी स्वतःचे गुडघे घालवा,” म्हणायच्या आणि डबा मात्र दोन जणांचा द्यायच्या, कारण बागेत आशा भेटली तर ती त्यांच्याबरोबर जेवायची. आशाने तिच्या यंत्रावर वीस प्लॉट सांभाळले. पासवर्ड काय ठेवला हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि काकांनी कधी विचारलं नाही.

काकांची नोकरी एका चुकीच्या नोंदीवर टांगलेली होती, हे अठराही जणांना माहीत होतं. ते माझ्याच तोंडून फुटलं होतं, आणि मी ते मुद्दाम फोडलं होतं. मला वाटतं, कागदावरच्या सह्यांइतकाच त्याचाही उपयोग झाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचा कंटेनर गेला. त्या वर्षी परदेशातून नोंदीचा एकही कागद परत आला नाही. आण्णांनी खणातून काकांनी लिहून दिलेला कागद काढला, सगळ्यांसमोर फाडला आणि पेढे मागवले. फील्डवाले आपापली यंत्रं जमा करायला रांगेत उभे होते. काका टेबलावर लेबलांचं खोकं घेऊन बसले. एकेक यंत्र उलटं करायचं, नख फिरवायचं, कानाशी हलवायचं, हिरवं लेबल बुडाला लावायचं आणि सही करायची. अठरा लेबलं, अठरा पूर्ण सह्या.

आशा शेवटची होती. तिच्या यंत्राला लेबल लागल्यावर ती म्हणाली, “मंग सर, आता पास ना?”

“मशीन पास,” काका म्हणाले. “तपासनिसाचं काही सांगता येत नाही.” ते हसत म्हणाले, पण मी वर्षभर त्यांच्याबरोबर फिरलो होतो, मला ते हसणं कळत होतं. ते लाल लेबल त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

आशाने टेबलावरचं पेन उचललं. खोक्यातून एक हिरवं लेबल घेतलं. वरचं नाही, खोकं तिरकं करून तळातलं काढलं. खाली वाकून सावकाश लिहिलं, आणि सोलून काकांच्या हातातल्या चष्म्याच्या डबीवर चिकटवून टाकलं. काकांनी ते वाचलं, डबी खिशात घातली आणि उठून बाहेर नळावर तोंड धुवायला गेले. पेढे आले तरी ते बराच वेळ आत आले नाहीत.

त्यावर काय लिहिलं होतं ते मला तेव्हा दिसलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

दोन हजार नऊमध्ये काका निवृत्त झाले. त्या दिवाळीत मी फराळाला त्यांच्या घरी गेलो. तेव्हा आशा आमच्याकडे नोंदणी विभागाची प्रमुख झाली होती आणि तिच्या हाताखाली नऊ मुली होत्या. काका वाचत बसले होते. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला आणि “जरा डबी दे रे” म्हणाले. ती टीव्हीवर होती. मी उचलली, आणि काही विचार न करता उलटी केली.

बुडाला हिरवं लेबल होतं. कडा झिजू नयेत म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती, नीट, चारही बाजूंनी. माल: पगारे सर. नग: एक. तारीख पुसट झाली होती. तपासनीसच्या रकान्यात सही होती, तिन्ही शब्द आणि वर सरळ रेघ. आशा हिरामण भोये.